लिव्हरचं प्रोटीन, बीपी आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन: नानांची गोळी थांबवायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत, त्यांच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं वय ६१. बीपी दोन-तीन वेळा १५८/९४ च्या आसपास आलं, नाशिकला दाखवलं, टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. त्याच वेळी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ निघालं. आता पाहुण्यांपैकी कोणीतरी सांगितलंय की बीपी मुळात लिव्हरच्या एका प्रोटीनमुळे वाढतं, तेव्हा गोळी सोडा आणि लिव्हर साफ करायचा काढा घ्या. मुलाने मोबाईलवर वाचलं की त्याच प्रोटीनवर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन येतंय. म्हणून विचारतात की प्रोटीनचं हे खरंय का, फॅटी लिव्हरमुळेच बीपी आहे का, आणि इंजेक्शन येईपर्यंत गोळी थांबवली तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. गोळी चालू ठेवा. बाकीचं सावकाश वाचा, जरा लांबेल, कारण पाहुण्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाहीये आणि त्यामुळेच ते खोडायला वेळ लागतो.

त्या प्रोटीनचं नाव अँजिओटेन्सिनोजेन. पुढे मी एजीटी लिहितो, नाहीतर टाईप करताना माझंच बीपी वाढेल. हे प्रोटीन मुख्यतः लिव्हरच्या पेशी बनवतात आणि रक्तात सोडतात, ४५२ अमिनो ॲसिडची साखळी असते. गंमत म्हणजे हे स्वतः काहीच करत नाही, नुसतं रक्तात फिरत असतं. किडनीतून रेनिन नावाचं एन्झाइम येतं आणि या लांबलचक साखळीच्या टोकाचे फक्त १० अमिनो ॲसिड कापून काढतं, त्याला अँजिओटेन्सिन-१ म्हणतात. तोही फारसा कामाचा नाही. मग मुख्यतः फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एसीई नावाचं दुसरं एन्झाइम असतं ते त्यातले अजून २ कापतं, उरतात ८, आणि हा ८ चा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२, खरा जोर याच्यात आहे. रक्तात हा एक मिनिटसुद्धा धड टिकत नाही पण तेवढ्यात रक्तवाहिन्या आवळतो, किडनीला मीठ धरून ठेवायला लावतो, किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडायला लावतो (तेही मीठच धरून ठेवतं), आणि वर तहानही लावतो. चारही गोष्टींचा परिणाम एकच, बीपी वर.

आता ही यंत्रणा शरीरात उगाच ठेवलेली नाही. जुलाब झाले, रक्त गेलं, उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं की बीपी पडू नये म्हणून हीच साखळी धावून येते. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनतो तेव्हा) बीपी खूप पडलेल्या पेशंटसाठी तर हाच अँजिओटेन्सिन-२ कृत्रिम बनवून सलाईनमधून देतात, अमेरिकेत २०१७ साली त्याला मान्यता मिळाली. म्हणजे ज्याला आपण रोजच्या ओपीडीत दाबायला बघतो तोच आयसीयूत जीव वाचवायला वापरतात. मुद्दाम सांगतोय, कारण "बीपी वाढवणारं प्रोटीन" म्हटलं की लोकांना वाटतं ही काहीतरी घाण आहे, काढून टाकली की झालं. मुळीच नाही. दोन्ही आईवडिलांकडून एजीटीची बिघडलेली जीन आलेल्या बाळाच्या किडनीच्या नळ्या पोटातच नीट तयार होत नाहीत आणि बहुतेक बाळं जगत नाहीत. म्हणूनच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे गोळ्या गरोदरपणात पूर्ण बंद. घरात नानांची पाकिटं पडलेली आहेत आणि सुनेचं बीपी सातव्या महिन्यात वाढलं म्हणून त्यातलीच एक दिली, असं कृपा करून कोणी करू नका.

मग बीपी किती राहणार हे ठरवतं कोण, लिव्हर की किडनी? नाशिककरांना हे सांगायला सोपं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघतो, गुडघ्याला, कमरेला, छातीला. धरणातलं पाणी म्हणजे लिव्हरचं एजीटी, धरणाचा दरवाजा म्हणजे किडनीचं रेनिन, आणि मारुतीपाशी दिसतं ते बीपी. रोजचं, तासातासाचं नियंत्रण दरवाजाच करतो. पण धरणात साठाच जास्त असला तर तेवढ्याच उघडलेल्या दरवाजातून पाणी जोरात येतं, तसंच इथेही आहे. रक्तातली एजीटीची पातळी अशी असते की रेनिन पूर्ण ताकदीने कधी चालतच नाही, म्हणून एजीटी वाढलं की रेनिन तेवढंच असूनही अँजिओटेन्सिन जास्त बनतं.

ही गोष्ट कळायला खूप वर्षं लागली. रेनिन १८९८ साली स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीतून शोधलं, आणि मग जवळजवळ तीन दशकं कोणी फारसं विचारलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीची रक्तवाहिनी चिमट्याने थोडी आवळली आणि कुत्र्याचं बीपी चढलं, तेव्हा सगळे परत किडनीकडे वळले. १९३९-४० च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या दोन गटांना वेगवेगळं कळलं की रेनिन स्वतः बीपी वाढवत नाही, ते रक्तातल्या कुठल्यातरी प्रोटीनवर काम करतं. ते प्रोटीन म्हणजे हे. पण नंतरची औषधं सगळी साखळीच्या खालच्या टप्प्यांवर आली, औषध लिव्हरवर लावायचं असं कोणी बघितलं नाही. १९९२ मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या बीपीवाल्या भावंडांच्या अभ्यासात एजीटीच्या जीनमधला एक छोटा बदल सापडला, २३५ व्या जागी एका अमिनो ॲसिडऐवजी दुसरं, आणि तो बदल असलेल्यांच्या रक्तात एजीटी थोडं जास्त होतं. घरात आईला बीपी, मामाला बीपी, आता मला, हे जे आपण बघतो त्यातला हा एक छोटासा धागा आहे. छोटासाच, कारण बीपीच्या बाबतीत अशा जीन शेकड्याने आहेत.

साठा म्हणजे एजीटी वाढलं की काय होतं हे बघायचं असेल तर उंदीर नको, ओपीडीत दिसतं. इंदिरानगरची एक मुलगी आली होती, वय तिशीच्या आत, आयटीत काम, बारीक चण, घरात कोणाला बीपी नाही. डोकं दुखतं म्हणून आली, बीपी १५०/१०० च्या पुढे. किडनीची सोनोग्राफी नॉर्मल, युरिन नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर म्हणाली काहीच नाही. हे "काहीच नाही" मी कधी पहिल्यांदा धरत नाही, पर्स उघडायला सांगतो. पर्समध्ये पाळी नियमित करायच्या हार्मोनच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, पीसीओडीसाठी दिलेल्या, तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी थेट लिव्हरला जातं आणि लिव्हर एजीटी जास्त बनवायला लागतं. बहुतेक बायकांत किडनी दरवाजा थोडा ओढून घेते आणि बीपी जागेवर राहतं, पण काहींत ते जमत नाही. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून गोळ्या बदलल्या, बीपीची एकही गोळी न देता दोन-तीन महिन्यांत बीपी खाली आलं. (स्वतःच्या मनाने या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदला. आणि सुरू करायच्या आधी एकदा बीपी मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, पण होत नाही.)

स्टेरॉईडनेसुद्धा लिव्हर एजीटी जास्त बनवतं, अर्थात स्टेरॉईड बीपी अजून चार मार्गांनी वाढवतं. आपल्याकडे गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात ना, "एका पुडीत माणूस चालायला लागतो" अशा, त्यातल्या कितीतरी पुड्यांत स्टेरॉईड असतं. नाना तसलं काही घेत असतील तर आधी ते सांगा.

आता फॅटी लिव्हर. पाहुण्यांचं लॉजिक असं की लिव्हर खराब झालं, ते जास्त प्रोटीन सोडायला लागलं, म्हणून बीपी. उलटं आहे बघा. लिव्हर खरंच बिघडतं तेव्हा, म्हणजे सिरॉसिसमध्ये, बीपी उतरतं. वर्षानुवर्षं बीपीच्या दोन गोळ्या घेणारा माणूस, दारूने लिव्हर गेलं, पोटात पाणी झालं, आणि बीपी १००/६० यायला लागलं, गोळ्या काढाव्या लागल्या, हे आम्ही नेहमी बघतो. लोक खूश होतात की बीपी बरं झालं. ते बरं झालेलं नसतं, रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि लिव्हरची एजीटी बनवायची ताकदही कमी झालेली असते. त्या अवस्थेत टेल्मिसार्टनसारखी गोळी तशीच चालू ठेवली तर किडनी बसू शकते. तेव्हा "लिव्हर खराब म्हणून बीपी जास्त" हे सूत्रच चुकीचं.

फॅटी लिव्हर आणि बीपी एकत्र दिसतात हे मात्र खरं, आणि खूप दिसतात. पण बहुतेक वेळा दोघांचं मूळ एकच असतं, पोटाचा घेर, इन्सुलिन नीट काम न करणं, बसून राहणं, रात्री उशिरा भरपेट जेवण. चरबीच्या पेशीसुद्धा थोडं एजीटी बनवतात, पोट सुटलं की किडनीभोवतीही चरबी साठते, मीठ बाहेर टाकायला त्रास होतो. म्हणजे ग्रेड १ फॅटी लिव्हर हा नानांच्या बीपीचा बाप नाही, भाऊ आहे. वजन ७-८ किलो कमी झालं तर दोन्ही सुधारतात, किलोमागे साधारण १ पॉइंट बीपी कमी होतं असं धरा. त्यासाठी लिव्हरचं वेगळं टॉनिक लागत नाही.

अजून एक गोंधळ. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन हा जो लिव्हरचा रिपोर्ट येतो त्यात एजीटी नसतं. एजीटी मोजायची टेस्ट रिसर्चमध्ये करतात, कॉलेज रोडच्या लॅबमध्ये जाऊन "बीपीवालं लिव्हर प्रोटीन" मागू नका, आणि कोणी पॅकेजमध्ये विकत असेल तर घेऊ नका, कारण आकडा आला तरी त्यावरून आज उपचार बदलत नाही. आणि हो, डाळ, अंडी, प्रोटीन पावडर यांचा या प्रोटीनशी काही संबंध नाही. एका काकांनी बीपीच्या भीतीने उसळी खाणं सोडलं होतं!

काढ्याबद्दल जरा कडक बोलतो. आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीत मला, माझ्या घरी पण आजीचा बटवा होता. पण बाटलीत काय आहे ते बघा. बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ज्येष्ठमध रोज, जास्त दिवस घेतलं की शरीरातलं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन अल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं, मीठ साठतं, पोटॅशियम पडतं, बीपी चढतं. म्हणजे बीपीसाठी काढा आणि काढ्यानेच बीपी. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी छापल्या होत्या. लिव्हर "साफ" करायला घेतलेल्या वस्तूने लिव्हरला मार बसावा याच्यासारखं दुसरं दुर्दैव नाही. लिव्हर काही गटार नाही तुंबायला.

आता नानांची गोळी नेमकं काय करते ते बघू, कारण पाहुण्यांना हेच माहीत नाही की ती गोळी याच साखळीवर काम करते. लिव्हरने एजीटी बनवलं, किडनीच्या रेनिनने कापलं, फुफ्फुसात दुसऱ्यांदा कापलं, ८ चा तुकडा तयार झाला, तो रक्तवाहिनीच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या खाचेत, जाऊन बसतो तिथे टेल्मिसार्टन आधीच जाऊन बसलेली असते. म्हणजे "मुळावर घाव" वगैरे जे म्हणतात, ती साखळी तोडायचं काम आत्ताच चालू आहे, फक्त शेवटच्या टप्प्यावर. त्याच्या आधीच्या टप्प्यावर, एसीईवर, रॅमिप्रिल-एनालाप्रिल काम करतात. या जातीचं पहिलं तोंडाने घ्यायचं औषध कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये आलं आणि त्याची कल्पना ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषावरून सुचली, हा साप चावला की बीपी धाडकन पडतं. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आपल्या आशियाई लोकांत जरा जास्तच, म्हणून आपल्याकडे टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या जास्त चालतात. त्याच्याही आधीच्या टप्प्यावर, रेनिनवर, अलिस्किरेन २००७ मध्ये आलं, पण फार चाललं नाही.

मग कोणाच्याही डोक्यात येईल की एकाच वेळी दोन टप्प्यांवर मारलं तर? मारून बघितलंय. ऑनटार्गेट नावाच्या ट्रायलमध्ये पंचवीस हजारांवर पेशंट होते, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि दोन्ही एकत्र, २००८ मध्ये निकाल आला. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना जास्त फायदा काही नाही, उलट बीपी जास्त पडणं आणि किडनीचा त्रास वाढला. अलिस्किरेन जोडून बघायची डायबेटिसवाल्यांमधली ट्रायल तर मध्येच थांबवावी लागली. हे लक्षात ठेवा, इंजेक्शनच्या मुद्द्याला लागेल.

इंजेक्शनचं नाव झिलेबेसिरान. खरंच हुशारीचं काम आहे, मला वाचून मजा आली. लिव्हरच्या पेशीत एजीटीची जीन आधी एक संदेश काढते, त्या संदेशावरून प्रोटीन बनतं. या औषधात एक छोटा आरएनएचा तुकडा असतो जो त्या संदेशाला चिकटून त्याची विल्हेवाट लावतो. हा प्रकार शोधणाऱ्या फायर आणि मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. तो तुकडा लिव्हरमध्येच जावा म्हणून त्याला साखरेच्या जातीचं एक शेपूट लावलंय, ते लिव्हरच्या पेशीच ओढून घेतात. कोलेस्टेरॉलसाठी इनक्लिसिरान नावाचं वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आहे ते याच पद्धतीचं.

परिणाम कसा आहे? २०२३ मध्ये पहिल्या टप्प्याचा निकाल छापून आला, २०० मिलीग्रॅम आणि त्यावरच्या एकाच डोसने वरचं बीपी १० पॉइंटपेक्षा जास्त उतरलं आणि तो परिणाम २४ आठवडे टिकला, रक्तातलं एजीटी ९० टक्क्यांहून जास्त कमी झालं. २०२४ च्या पुढच्या ट्रायलमध्ये, दुसरी गोळी चालू नसलेल्यांत, तीन महिन्यांनी २४ तासांचं सरासरी बीपी खोट्या (औषध नसलेल्या) इंजेक्शनवाल्यांपेक्षा डोसनुसार साधारण १४ ते १७ पॉइंट कमी दिसलं. इथपर्यंतच मोबाईलवर येतं. पुढचं येत नाही. त्यानंतर हे इंजेक्शन आधीच गोळी चालू असलेल्यांना जोडून बघितलं. इंडापामाईड ही लघवीची गोळी चालू होती त्यांच्यात १२ पॉइंटचा फायदा, अम्लोडिपिन होती त्यांच्यात साधारण १०, आणि ओल्मेसार्टन, म्हणजे नानांच्या टेल्मिसार्टनची सख्खी बहीण, चालू होती त्यांच्यात फक्त ४ ते ५. साहजिक आहे, एकाच साखळीला दोन ठिकाणी कुलूप लावून किती फरक पडणार. २०२५ मध्ये हृदयाचा धोका जास्त असलेल्या, अनेक गोळ्या चालू असलेल्या पेशंटमध्ये बघितलं तर ३०० मिलीग्रॅमच्या डोसने ५ पॉइंटच्या आसपास फरक आला आणि आधी ठरवलेली संख्याशास्त्राची अट पार झाली नाही. आणि हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यातून कमी होतात का, जे आपल्याला खरं हवंय, ते अजून सिद्ध व्हायचंय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सहा महिने टिकणं हा त्याचा फायदा आणि तोच त्याचा धोका. नानांना उद्या गॅस्ट्रो झाला, दिवसात दहा वेळा जुलाब, बीपी ९० पर्यंत खाली आलं, तर टेल्मिसार्टन आज थांबवली की दोन-तीन दिवसांत उतरते. इंजेक्शन परत कसं काढणार? संकटात धावून येणारी यंत्रणा आपण महिनोन्महिने बंद करून ठेवलेली असणार. उतारा म्हणून वेगळं औषध प्राण्यांमध्ये बनवून बघितलंय, पण पेशंटच्या हातात आज ते नाही. जे लोक गोळ्या विसरतातच त्यांच्यासाठी हे पुढे वरदान ठरू शकतं, माझे कितीतरी पेशंट डोळ्यासमोर येतात, अंबडच्या कंपनीत तीन शिफ्ट करणारे, सकाळ कुठली आणि रात्र कुठली तेच कळत नाही, गोळी काय लक्षात राहणार. पण नाना गोळी घेतायत, त्यांना आज या इंजेक्शनची वाट बघायचं कारण नाही.

आणि आता मीठ. ज्यांना वाटतं इंजेक्शन आलं की मिसळीवर अजून एक वाटी रस्सा आणि दोन पापड मोकळे, त्यांच्यासाठी वाईट बातमी. झिलेबेसिरानच्या पहिल्याच अभ्यासात काही लोकांना मुद्दाम जास्त मीठ खायला दिलं होतं, आणि बीपी उतरायचा परिणाम बराचसा बोथट झाला. टेल्मिसार्टनचंही तेच होतं. कारण मीठ भरपूर असलं की किडनी रेनिन आधीच कमी करते, दरवाजा जवळजवळ बंदच असतो आणि बीपी मिठामुळे वर गेलेलं असतं, अशा वेळी तुम्ही साठा कमी करा नाहीतर दरवाजाला कुलूप लावा, फरक थोडाच पडणार. वय वाढलं की रेनिन तसंही कमी होत जातं, म्हणूनच साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांना टेल्मिसार्टनच्या जोडीला अम्लोडिपिन किंवा लघवीची छोटी गोळी लागते. नानांना पुढे दुसरी गोळी लागली तर घाबरू नका, बीपी "हाताबाहेर गेलं" असा त्याचा अर्थ नाही.

घरात मीठ किती जातं ते कोणी सांगू शकत नाही, सगळे म्हणतात आम्ही कमीच खातो. मी हिशोब वेगळा लावायला सांगतो. मिठाची १ किलोची पिशवी फोडली की त्यावर पेनने तारीख लिहा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे १ किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला पाहिजे, आणि ते पण बाहेरचं फरसाण, शेव, चिवडा, लोणचं, पापड यातलं मीठ न धरता. बहुतेक घरांत महिन्यातच दुसरी पिशवी येते. पापडात मीठ तर असतंच, पापडखार पण सोडियमच. बागेवर जाताना डब्यात ठेचा-भाकरी असते, ठेचा मिठाशिवाय होत नाही हे मलाही मान्य आहे, मग निदान त्या दिवशी वरून लोणचं नको. मिसळ महिन्यातून एखाद्या रविवारी खा की, मी पण खातो, नाशकात राहून मिसळ सोडा म्हणणारा डॉक्टर पेशंट गमावतो.

कमी सोडियमचं मीठ घ्यावं का असं हमखास विचारतात. त्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम असतं. चीनमध्ये ६०० गावांत जवळजवळ एकवीस हजार लोकांवर मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला, स्ट्रोक खरंच कमी झाले. पण टेल्मिसार्टन घेणाऱ्यांत, आणि त्यात किडनी थोडी कमजोर असेल तर, पोटॅशियम रक्तात साठू शकतं आणि जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून नानांचा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय ते मीठ आणू नका. रोज दोन-दोन शहाळी प्यायची सवय असेल तर तीही आत्ता थांबवा.

गोळी सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं असतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे बहुधा झालेलं नाही. ते करा, खर्च फार नाही. क्रिएटिनिन थोडं वाढलं, अगदी ३० टक्क्यांपर्यंत, तर डॉक्टर सहसा गोळी तशीच ठेवतात आणि परत तपासतात. त्यापेक्षा जास्त उडी मारली तर किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत का ते बघावं लागतं, गोल्डब्लाटच्या कुत्र्यासारखं. छाटणीच्या दिवसात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून घेऊ नका, या गोळ्या बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला, त्यात लघवीची गोळी असेल तर अजूनच, किडनीवर ताण आणतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणंपिणं बंद झालं तर तेवढे एक-दोन दिवस टेल्मिसार्टन थांबवायची का ते डॉक्टरांना लगेच फोन करून विचारा, पोट सुधारलं की परत सुरू. फॅटी लिव्हर ग्रेड १ ला ही गोळी चालते. ती पित्तावाटे बाहेर पडते म्हणून लिव्हरचं काम खरंच बिघडलेलं असेल तर मात्र विचार करावा लागतो.

घरी बीपी मोजायचं मशीन दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. बसून पाच मिनिटं शांत, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही, दंड उघडा, बनियनच्या बाहीवरून नाही, आणि त्या वेळी कांद्याच्या भावावर चर्चा नको, लासलगावचा भाव ऐकला की १० पॉइंट सहज वाढतात! सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर गोळी काम करतेय, जमत असेल तर अजून थोडं खाली, १३० च्या आत, न्यायचं. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे लागतात, त्याआधी "गोळी लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका.

क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट आणि त्या सात दिवसांची वही झाली की दोन्ही पाठवा. सोबत नानांचं वजन, उंची, साखर आणि तंबाखू-मिस्रीचं काय ते पण लिहा, प्रश्नात यातलं काहीच नाहीये. आणि काढ्याची बाटली आधीच आणून ठेवली असेल तर त्यावरच्या लेबलचा फोटो.